आधी आवड, मग ओळख: किशोरवयीन स्वमग्न मुलांना सोबती मिळवून देताना

पाचवी-सहावीपर्यंत निभावतं. वाढदिवसाला आई चार मुलं बोलावते, खेळ ठरवून देते, केक कापला की सगळे आपापल्या घरी जातात. सातवी-आठवीत मैत्रीची रीतच बदलते. मधल्या सुट्टीत कोण कुणाला काय म्हणालं, कुणाची कशी फिरकी घेतली, व्हॉट्सॲपच्या कुठल्या ग्रुपात कुणाला घेतलं, यावर ती चालते. ठरवून दिलेलं असं काही उरत नाही आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं मूल इथे एकटं पडतं. त्याला माणसं नको असतात म्हणून ते एकटं पडतं असं नाही. आत शिरायचं दार कुठं आहे, हेच त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

हा लेख सोलापुरातल्या त्या आई-बाबांसाठी, मामा-मावशींसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि मदत करायची इच्छा असलेल्या कॉलेजच्या मुला-मुलींसाठी आहे, ज्यांनी असं काही आजवर केलेलं नाही. मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. मुलं साधारण १२ ते १९ वयाची आहेत असं धरून लिहिते आहे.

माझं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगते. मुलाला आधी 'चारचौघांत मिसळायला' शिकवायचं आणि मग कधीतरी मित्र मिळतील म्हणून वाट बघायची, हा क्रम उलटा आहे. मुलाला जे मनापासून आवडतं तिथून सुरुवात करा. तीच आवड असलेला दुसरा कुणीतरी शेजारी आणून बसवा. बोलणं, थांबणं, वाटून घेणं, रुसणं, पुन्हा येणं, हे सगळं त्या कामाच्या ओघात शिकता येतं.

हे का चालतं

डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेला एक विचार मला रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. स्वमग्न माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण अतिशय खोल जातं. पाटाचं सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडावं तसं. त्या वाफ्याबाहेर काय चाललंय याची दखल घ्यायला मग त्याला कष्ट पडतात. म्हणून 'जरा इकडे बघ, पाहुणे आलेत' असं म्हणून त्याला ओढण्यापेक्षा पाहुण्यानंच त्या वाफ्याशी यावं, हे दोघांनाही सोपं जातं.

दुसरा विचार डेमियन मिल्टन यांचा, २०१२ चा. ते स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचं म्हणणं असं की समजून घेण्यातली अडचण एकट्या स्वमग्न माणसाची नसते. ती दोन्ही बाजूंची असते. त्याला आपला सूर कळत नाही, तसा आपल्यालाही त्याचा कळत नाही. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकानं गोष्ट ऐकायची, दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. नुसत्या स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच स्वमग्न नसलेल्यांच्या साखळीत टिकली. दोन्ही प्रकारची माणसं एकाआड एक बसवली तेव्हा मात्र जास्त गळती झाली. 'आमच्या मुलाला नॉर्मल मुलांतच बसवायचंय' असा हट्ट धरणाऱ्या पालकांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते. दोन स्वमग्न मुलांची मैत्री ही कमी प्रतीची मैत्री नाही.

पहिली पायरी: आवड नेमकी कोणती?

'त्याला रेल्वे आवडते' एवढ्यावर थांबू नका. सोलापूर रेल्वेचं गाव. इथं रेल्वेवेडी मुलं पुष्कळ सापडतात, पण प्रत्येकाची रेल्वे वेगळी असते. एकाला गाड्यांचे नंबर: हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याकडे जाताना १२१५८ आणि येताना १२१५७, सिद्धेश्वर मुंबईकडे जाताना १२११६ आणि येताना १२११५. एकाला फक्त इंजिनं, त्यातही भोंग्याचा आवाज. तिसऱ्याला फलाटावरची घोषणा, जी तो मराठी, हिंदी आणि इंग्रजीत त्याच सुरात म्हणून दाखवतो. चौथ्याला इतिहास: बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती बांधली, तिचा गेज अडीच फुटांचा होता आणि कुर्डुवाडीला ती मोठ्या लाइनला मिळायची. भोंग्यावाल्या मुलाला इतिहासवाल्याशेजारी बसवलंत तर दोघंही कंटाळतील आणि तुम्ही म्हणाल, 'आवड एक असूनही जमलं नाही.' आवड एक नव्हतीच.

म्हणून एक आठवडा फक्त वही घेऊन बघा. शिकवू नका, सुधारू नका. मूल कशाकडे आपणहून जातं, त्यातलं काय पुन्हा पुन्हा करतं, आणि ते करताना त्याचं अंग सैल असतं की ताठ, एवढं लिहा. तिसरी गोष्ट महत्त्वाची. काही गोष्टी मूल आनंदानं करतं, काही अस्वस्थता शमवायला करतं. पहिल्या प्रकारात दुसऱ्याला जागा मिळू शकते. दुसऱ्या प्रकारात कुणी शिरलं तर मुलाचा आधारच जातो. तिथं हात लावू नका.

बोलत नसलेल्या मुलांची आवड हातांत आणि डोळ्यांत दिसते. फिरणारा पंखा, वाहणारं पाणी, धाग्यांचे रंग. आपल्या गावात तर मागावरची चादर आहे. जकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते, कुठं भोक आहे त्यावर कुठले उभे धागे उचलायचे ते ठरतं, आणि त्यातून चादरीवर मोर उमटतो. नक्षीत रमणाऱ्या मुलाला हे किती तास बघावंसं वाटेल! अडचण आवाजाची, यंत्रमागाच्या खटखटाटात अनेक स्वमग्न मुलं दोन मिनिटंही थांबू शकत नाहीत. मग हातमागाजवळ न्या, किंवा घरीच चौकटींच्या कागदावर चादरीची नक्षी उतरवायला बसा. एक चौकट म्हणजे एक धागा. दोन मुलं एकाच कागदाच्या दोन बाजूंनी हे करू शकतात, एक शब्दही न बोलता.

मुलींकडे नीट लक्ष द्या. त्यांची स्वमग्नता बऱ्याचदा उशिरा ओळखली जाते. एक तर त्या इतरांचं बघून, पाठ करून, वरवर मिसळतात आणि घरी आल्यावर कोसळतात. दुसरं म्हणजे त्यांच्या आवडी चारचौघींसारख्या दिसतात: मेंदी, रांगोळी, मांजरं, एखादी मालिका. फरक असतो तो त्या आवडीत किती खोल रमतात यात. जी मुलगी ठिपक्यांच्या रांगोळीचे शेकडो नमुने वहीत क्रमानं लावून ठेवते, तिची ती नुसती हौस नसते.

आणि आवड वयाला शोभत नाही म्हणून हिणवू नका. सोळा वर्षांच्या मुलाला लहान मुलांचं कार्टून आवडत असेल तर ते कसं काढतात, आवाज कोण देतं, याकडे वळता येतं. वळला नाही तरी कार्टून त्याचंच राहू द्या. आवड बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरणं मला मुळीच मान्य नाही. 'गणितं झाली तरच नकाशा मिळेल' असं रोज ऐकणारं मूल पुढं नकाशा कुणाबरोबर वाटून घ्यायला तयार होत नाही. तो हिरावला जाईल अशी भीती त्याच्या मनात बसलेली असते.

दुसरी पायरी: जागा, वेळ आणि आवाज

पहिली भेट शक्यतो घरीच, किंवा मुलाच्या ओळखीच्या जागी. बाहेर जायचं तर आधी तुम्ही एकट्यानं जाऊन या, त्याच वारी, त्याच वेळेला. पंखा घरघरतो का, शेजारी लाउडस्पीकर आहे का, शौचालय कुठं आहे, कोपऱ्यात शांत बसायला जागा आहे का, हे बघा. जागेचे फोटो काढून आणा आणि मुलाला दोन-तीन दिवस आधीपासून दाखवा.

सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि उष्णतेचा त्रास या मुलांना सांगता येतोच असं नाही. मूल चिडचिडं झालं की आपण समजतो त्याला सोबत नकोय. प्रत्यक्षात त्याला तहान लागलेली असते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत, नाहीतर घरात.

संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पुष्कळ पालकांच्या मनात येते, कारण सगळं गाव तिथं असतं. नंदीध्वजांची मिरवणूक, पाळणे, शोभेचं दारूकाम, भोंगे, माणसांचा लोंढा. नवी ओळख करून द्यायला ही जागा नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जायचंच असेल तर एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. यात्रेची आवड असलेल्या मुलासाठी वेगळी वाट आहे. नंदीध्वज सात, त्यांचा मार्ग ठरलेला, मार्गावर रांगोळ्या. हे सगळं कागदावर, मातीत, पुठ्ठ्यात करता येतं आणि दोघा-तिघांत वाटूनही घेता येतं.

तिसरी पायरी: सोबती कुठं शोधायचा

एक सोबती पुरे. दोन म्हणजे भरपूर. दहा मुलांचा 'ग्रुप' करायची घाई करू नका. मोठ्या घोळक्यात कोण कधी बोलणार हे ओळखण्यातच मुलाची सगळी शक्ती जाते.

थेरपीच्या ठिकाणी बाहेर बाकावर बसलेल्या इतर आयांशी बोला. तिथं आपण एकमेकींना डॉक्टर आणि औषधं विचारतो. मुलाला काय आवडतं हे क्वचितच विचारतो. शाळेच्या शिक्षकांना विचारा की वर्गात पक्ष्यांचं, बुद्धिबळाचं, नकाशांचं वेड कुणाला आहे. वाचनालयात ग्रंथपालांना विचारा, एकच प्रकारची पुस्तकं पुन्हा पुन्हा नेणारं कोण आहे ते त्यांना माहीत असतं. वय सारखंच हवं असा नियम नाही. निवृत्त रेल्वे कर्मचारी आपल्या गावात घरोघरी आहेत. गार्ड किंवा स्टेशन मास्तर म्हणून आयुष्य काढलेल्या आजोबांना, आपल्या कामाबद्दल इतकं बारकाईनं विचारणारा पोरगा भेटला तर किती आनंद होतो, ते मी पाहिलं आहे. अशा भेटीत घरचं मोठं माणूस त्याच खोलीत असलंच पाहिजे, माणूस कितीही चांगला असला तरी.

भाषेची चिंता नको. पूर्व भागातल्या घरात तेलुगू, कुठं कन्नड, कुठं उर्दू, आणि शाळेत मराठी, हे आपल्याकडे रोजचं आहे. इंजिनाचा नंबर सगळ्या भाषांत तोच असतो.

स्वमग्न नसलेलं मूल निवडताना ते 'गुणी आहे, सांभाळून घेईल' म्हणून निवडू नका. त्याला ती गोष्ट खरोखर आवडते का, एवढंच बघा. सांभाळायला आलेलं मूल महिन्याभरात कंटाळतं आणि आपल्या मुलालाही कळतं की हा माझ्यासाठी आलेला नाही. शिक्षकांनी वर्गातल्या हुशार मुलीला 'तू हिची काळजी घे' असं नेमून देणं थांबवावं. तो दोघींवरही अन्याय आहे. सख्ख्या भावंडांवरही हे काम लादू नका.

दुसऱ्या पालकांना विचारायचं कसं, इथं बहुतेकजण अडखळतात. असा मेसेज पाठवता येईल:

'नमस्कार. आमच्या मुलाला रेल्वेचे नकाशे काढायला खूप आवडतात. तुमच्या मुलालाही रेल्वेची आवड आहे असं सरांकडून कळलं. रविवारी सकाळी १० ते १०.४५ आमच्या घरी दोघांनी मिळून दौंड ते वाडी मार्गाचा मोठा नकाशा काढावा असं वाटतंय. आमचा मुलगा स्वमग्न आहे. बोलताना तो डोळ्यांत बघत नाही आणि मोठा आवाज झाला की कानांवर हात ठेवतो. ते त्याच्यासाठी नेहमीचं आहे, घाबरण्यासारखं नाही. तुम्हीही या, चहा घेऊ. जमत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा.'

मुलाला स्वतःच्या स्वमग्नतेबद्दल माहीत असेल, तर हे कुणाला सांगायचं आणि किती, हे आधी त्याला विचारा. सोळा वर्षांच्या मुलीबद्दल तिच्या मागं कुणाला काही सांगितलं जाऊ नये.

चौथी पायरी: पहिली भेट

वेळ ४५ मिनिटं. संपायची वेळ आधीच सांगितलेली, भिंतीवरच्या घड्याळावर दाखवलेली. भेट छान रंगली तरी वेळेवर संपवा. रंगलेली भेट पुढं हवीशी वाटते, लांबलेली भेट थकव्यात संपते आणि लक्षात तोच राहतो.

मधोमध एक काम हवं. नुसतं 'गप्पा मारा' म्हणून दोघांना समोरासमोर बसवणं म्हणजे त्यांना सर्वांत अवघड गोष्ट आधी करायला लावणं. शेजारी-शेजारी बसवा, दोघांची नजर कागदावर. डॅनियल लेगॉफ या मानसशास्त्रज्ञांनी लेगोच्या ठोकळ्यांवर आधारलेली एक पद्धत बसवली आणि २००४ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. तिच्यात कामं वाटलेली असतात: एक आराखडा वाचतो, एक सुटे भाग शोधून देतो, एक जोडतो, आणि मग अदलाबदल. एकमेकांशी बोलल्याशिवाय काम पुढं सरकतच नाही, पण बोलायचं काय ते आपोआप ठरलेलं असतं. महागडे ठोकळे लागत नाहीत. नकाशाच्या कामात एकानं वेळापत्रकातून स्टेशनांची नावं वाचायची, दुसऱ्यानं रेघेवर ती लिहायची, तिसऱ्यानं जंक्शनांना रंग द्यायचा.

मग कानावर पडतं ते असं:

'पाकणीनंतर काय बे?'

'बाळे. मग सोलापूर.'

'वर लिहू का खाली?'

'खाली. वर होटगीला जागा ठेव. तिथून विजापूरची लाइन फुटते.'

बाहेरच्याला यात गप्पा दिसणार नाहीत. मला यात विचारणं, ऐकणं, दुसऱ्याच्या कामाचा विचार करून जागा राखणं, सगळं दिसतं.

मोठ्यांनी ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसावं आणि गप्प राहावं. 'त्याला विचार ना तुला काय आवडतं', 'हात हलवू नकोस', 'डोळ्यांत बघून बोल' यातलं काही नको. डोळ्यांत बघायला लावलं की पुष्कळ स्वमग्न मुलांचं ऐकण्यावरचं लक्ष उडतं. हात फडफडवणं, डुलणं, एखादा शब्द घोळवणं हे त्यांचं स्वतःला सावरणं आहे, आनंद व्यक्त करणंही. पाहुण्या मुलाला आश्चर्य वाटलं तर एका वाक्यात सांगा: 'त्याला मजा आली की तो असं करतो.' मुलं हे पटकन स्वीकारतात. मोठ्यांना वेळ लागतो.

खाणं साधं ठेवा आणि एकत्र खाण्याची सक्ती करू नका. चवीचा, वासाचा, कडक भाकरी मोडतानाच्या आवाजाचाही काहींना त्रास होतो.

एकच जण बोलत राहिला तर

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. तुमचा मुलगा सगळ्या गाड्यांची नावं सांगत सुटला आणि समोरचा गप्प झाला, तर विषय बदलू नका. विषय तोच ठेवून पाळी आखा: तीन गाड्या तू सांग, तीन तो सांगेल. टेबलावर एक पुठ्ठ्याचं तिकीट ठेवा. ज्याच्यापुढं तिकीट, त्याचं बोलणं. मुलांना दिसणारा नियम पाळता येतो. 'जरा समोरच्याचा विचार कर' ही सूचना दिसत नाही, म्हणून पाळता येत नाही.

समोरच्यालाही शिकवा. स्वमग्न नसलेली मुलं कंटाळा आला की जांभई देतात, इकडे-तिकडे बघतात आणि अपेक्षा करतात की दुसऱ्यानं ओळखावं. त्यांना सांगा: 'कंटाळा आला तर सरळ सांग, आता मला इंजिनाचं सांगायचंय. त्याला राग येणार नाही.' बहुतेक वेळा खरंच येत नाही. दोघंही मूकपणे रमले असतील तर तेही पूर्ण भेट म्हणून मोजा.

'आज नको', 'मला ब्रेक हवा', 'मी घरी जातो' ही वाक्यं मुलाला आधी शिकवा. बोलत नसेल तर चित्रकार्डावर किंवा फोनवरच्या ॲपवर द्या. नाही म्हणता येतं हे कळलेलं मूल हो म्हणायला तयार होतं. आणि त्यानं 'ब्रेक' म्हटलं की लगेच द्या, कारण विचारत बसू नका.

पाचवी पायरी: दोन भेटींच्या मध्ये

लिहिणं अनेक स्वमग्न मुलांना बोलण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून फोनचा धाक घालण्याआधी त्याचा उपयोग बघा. एक फोटो, एक प्रश्न: 'हे इंजिन कुठलं?' एवढ्यावर आठवडाभर मैत्री टिकते. मात्र एकामागून एक चाळीस मेसेज जाणं, उत्तर आलं नाही म्हणून रात्री अकराला फोन करणं, हेही घडतं. नियम लिहून द्या: एक मेसेज पाठवला की उत्तर येईपर्यंत दुसरा नाही, रात्री नऊनंतर नाही, उत्तर आलं नाही तर दुसरा बहुधा कामात आहे, रागावलेला असेलच असं नाही. हे शेवटचं वाक्य मुलाला पुन्हा पुन्हा वाचायची गरज पडते. त्याच्या टेबलासमोर चिकटवा.

सहावी पायरी: घराबाहेर

दोन-तीन भेटी घरी झाल्या की गाव खूप काही देऊ शकतं.

रेल्वेवाल्यांसाठी फलाट तिकीट काढून सोलापूर स्टेशन. फोटोंपेक्षा वहीत नोंद बरी. फोटो काढायचेच असतील तर ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना आधी विचारा आणि फलाटाच्या पिवळ्या पट्टीच्या मागे राहण्याचा नियम घरी सराव करून घ्या. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. ती यायच्या वेळी गर्दी असते, तेव्हा पहिल्या फेरीला एखादी साधी पॅसेंजर निवडा.

पक्ष्यांसाठी संभाजी तलाव, विजापूर रस्त्यावरचं सिद्धेश्वर वनविहार आणि हिवाळ्यात हिप्परग्याचं तळं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोक आता अतिशय दुर्मीळ झालाय, तो दिसेल असं वचन मुलाला देऊ नका. ही मुलं शब्द धरून ठेवतात. काळवीट दिसण्याची शक्यता त्याहून जास्त. याद्या करायला आवडणाऱ्या मुलासाठी ईबर्ड हे मोफत ॲप उत्तम आहे. कुठं, किती वाजता, कुठला पक्षी, किती संख्येनं, एवढं भरायचं, आणि त्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षिगणना होते. तेव्हा दोघांनी जोडीनं भाग घ्यावा: एकानं दुर्बिणीतून ओळखायचं, दुसऱ्यानं मोजून लिहायचं. आपण मोजलेलं कुणाच्या तरी कामाचं आहे, ही भावना या मुलांना क्वचित मिळते. ती मिळू द्या.

पुणे रस्त्यावर केगावला विज्ञान केंद्र आहे. सहलींच्या बसेस नसतील अशी वेळ फोन करून विचारून जा.

शाळेनं क्लबात, खेळात, सहलीत घ्यायला नकार दिला तर गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो, त्यात स्वमग्नता आहे. त्याच्या १६ व्या कलमानुसार सरकारी किंवा सरकारमान्य शाळेनं खेळाची आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यायची आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

फसवणूक आणि छळ

मित्र मिळावा म्हणून आसुसलेलं मूल कुणालाही मित्र मानतं. 'पन्नास रुपये दे, मग तू आमचा', 'मॅडमसमोर हे म्हणून दाखव' यातला डाव त्याला कळत नाही. थट्टा आणि छळ यांतला फरक शब्दांवरून सांगता येत नाही, कारण जिवलग मित्रही तेच शब्द वापरतात. म्हणून मुलाला तपासण्यासारख्या गोष्टी द्या: तो माझ्याकडून सारखं काहीतरी मागतो का? मी 'नको' म्हटल्यावर थांबतो का? सगळे हसतात तेव्हा मला हसू येतं का? घरी सांगू नकोस असं म्हणतो का? शेवटच्याचं उत्तर हो असेल तर त्याच दिवशी घरी सांगायचं, हे पक्कं ठरवून टाका.

शरीर, स्पर्श, फोटो पाठवणं याबद्दल साध्या, स्पष्ट मराठीत बोला. लाजून आडवळणानं सांगितलेलं या मुलांपर्यंत पोहोचत नाही. मूल १८ वर्षांखालचं असेल आणि काही गंभीर घडलं तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली मुलालाही पूर्ण संरक्षण आहे, मुलीलाही.

जमलं नाही तर

शाळेत दिवसभर सांभाळून राहिलेलं मूल संध्याकाळी रिकामं झालेलं असतं. त्या वेळी ठेवलेली भेट फसणारच. रविवारी सकाळी तीच भेट छान होते. कधी जोडी जमत नाही, कधी आवड बदलते, कधी मित्राच्या बाबांची बदली होते. मित्र गेला तर मुलाचं दुःख खोल असतं, चेहऱ्यावर दिसलं नाही तरी. 'दुसरा मिळेल' असं लगेच म्हणू नका.

काही मुलांना खरोखरच एकटं बरं वाटतं. एकटं राहून शांत असणारं मूल आणि एकटं पडून खंतावणारं मूल यांत फरक करा. ओळखायचा एक मार्ग: त्याला विचारा, लेखी किंवा चित्रांतून, की रविवारी काय हवं. एकटं काम, कुणाच्या शेजारी काम, की कुणाबरोबर काम? तिन्ही पर्याय खरे ठेवा. त्यानं पहिला निवडला तर तो मान्य करा आणि महिन्याभरानं पुन्हा विचारा.

प्रत्येक भेटीनंतर वहीत थोडंसं लिहा: मुलं कशात सर्वांत जास्त वेळ रमली, कुठं अडलं, आणि घरी परतल्यावर पुढच्या दोन तासांत मूल कसं होतं. दोन तासांची ही नोंद भेटीत दिसलेल्या वागण्यापेक्षा जास्त खरं सांगते. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर पुढची तारीख तुम्ही ठरवू नका. कॅलेंडर दोघांसमोर ठेवा, पेन त्यांच्या हाती द्या. त्यांनी तीन आठवड्यांनंतरचा दिवस निवडला तर तोच कायम करा आणि दुसऱ्या आईला तसं कळवा.